पहिल्या चित्रपटाचा पैसा: बजेट मांडण्यापासून तिकीटबारीपर्यंत

आमच्या पहिल्या बजेटचा कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यात चहापाण्याला तीन ओळी आहेत आणि सेन्सॉरला एकही नाही. जीएसटीचा तर पत्ताच नाही. मी तेव्हा दादरच्या एका सहकारी बँकेत हिशोब बघायची. त्यामुळे ‘पैशाचं तू बघ’ असं म्हणून दिग्दर्शक मित्राने सगळं माझ्या गळ्यात घातलं होतं. बेरीज बिनचूक होती, फक्त ती भलत्याच गोष्टींची होती. चित्रपट पूर्ण झाला, थिएटरात लागलाही, पण मध्ये दीड वर्ष तो हार्ड डिस्कमध्ये पडून होता. अशा हार्ड डिस्क अंधेरी-गोरेगावातल्या कपाटांत पुष्कळ आहेत. तुमची त्यांत जाऊ नये म्हणून हे लिहितेय. छोटा मराठी चित्रपट, मुंबईचं युनिट आणि खिशात ओळखीपाळखीचा पैसा, एवढं गृहीत धरलंय.

१. आधी कथेचे हक्क कागदावर घ्या

पैशाच्या लेखात हे पहिलं कशाला, असं वाटेल. पण पैसे घालणारा शहाणा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारतो: ही गोष्ट तुमची आहे का?

गोष्ट कुणाच्या कथेवर किंवा नाटकावर बेतलेली असेल तर लेखी हक्क घ्या. ‘लेखक आपलाच माणूस आहे’ हे वाक्य करारात बसत नाही. कॉपीराइट कायद्यात तीन बारीक खड्डे आहेत. करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच मिळाले असं धरतात. भूभाग लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर वर्षभरात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत जातात. स्वतंत्र चित्रपटाला पैसा जमवायलाच दोन वर्षं लागतात, तेव्हा हा तिसरा खड्डा सगळ्यांत खोल. मुदत, भूभाग आणि ‘वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क कायम राहतील’ हे कलम, तिन्ही स्पष्ट लिहून घ्या.

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा. शीर्षकाची नोंदणी वेगळी, ती निर्मात्यांच्या संस्थेकडे होते. मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, शिवाय अंधेरीत इम्पा आहे. त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं, त्याची फी बजेटात धरा.

२. पटकथा फोडा, मग आकडे

‘साधारण ८० लाखांत होईल’ हा आकडा कुठून येतो, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. बजेट पटकथेतून काढायचं असतं. प्रत्येक दृश्याला एक ओळ: ठिकाण, दिवस की रात्र, पात्रं, गर्दी, वाहनं, प्राणी, पाऊस, विशेष कपडे. मग एका ठिकाणची दृश्यं एकत्र आणा आणि किती दिवस लागतात ते मोजा. दिवसांची संख्या हाती आली की अर्धं बजेट झालं, कारण कॅमेरा, लाइट, जेवण, गाड्या, लाइटमन, स्पॉट दादा या सगळ्यांचा हिशोब दिवसावर चालतो.

जेवणाचंच बघा. समजा ४५ जणांचं युनिट आहे आणि नाश्ता, दोन जेवणं, चहा मिळून माणशी ४५० रुपये धरले. दिवसाला २०,२५० झाले. २२ दिवसांचे ४,४५,५००. एक दिवस वाढला तर फक्त पोटात २० हजार जातात, भाडी वेगळीच.

पटकथा फोडताना काही शब्दांपाशी थांबायला शिका.

‘बैल’ हा असा एक शब्द. बैल, कोंबडी, घोडा, काहीही कॅमेऱ्यासमोर आणायचं असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या *आधी* घ्यावी लागते, आणि सेन्सॉरला तिथलं प्रमाणपत्र मागतात. आमच्या चित्रपटात एक शेळी फक्त चार सेकंद दिसत होती. परवानगी नव्हती, म्हणून ते अख्खं दृश्य कापलं. शेळीच्या मागे आमचा नायक रडत होता, तोही गेला.

दुसरा शब्द ‘मुलगा’. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांहून अधिक तर नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. नायकच दहा वर्षांचा असेल तर मोठ्यांचे १८ दिवस तुमचे २५ होतील. हे पटकथेच्या टप्प्यावरच कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट, ‘रेडिओवर जुनं गाणं वाजतंय’. त्या गाण्याचे हक्क विकत घ्यावे लागतात आणि आकडा संगीत कंपनी सांगेल तो. पात्राने नुसतं गुणगुणलं तरी तेच. आमच्या दिग्दर्शकाने शेवटी प्रेशर कुकरची शिट्टी लावली, आणि खरं सांगते, दृश्य सुधारलं.

३. बजेटचा कागद कसा दिसावा

आमचं दुसरं, म्हणजे शहाणपणाचं बजेट साधारण असं होतं. आकडे तुमचे वेगळे असतील, मांडणी बघा.

- पूर्वतयारी (हक्क, पटकथा, रेकी म्हणजे लोकेशनची पाहणी, ऑडिशन, तालमी): ६ लाख
- चित्रीकरण: ४२ लाख
- पोस्ट, म्हणजे शूटिंगनंतरचं काम (संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, डीआय म्हणजे रंगांची दुरुस्ती, सबटायटल, डीसीपी म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत): १५ लाख
- कायदा, विमा, सीए, सेन्सॉर, कार्यालय: ५ लाख
- आकस्मिक खर्च, वरच्या बेरजेच्या १० टक्के: ६.८ लाख
- म्हणजे चित्रपट बनवायला ७४.८ लाख
- प्रदर्शन आणि प्रसिद्धी, स्वतंत्र: २५ लाख

नवखे लोक शेवटची ओळ घालत नाहीत. ‘आधी सिनेमा होऊ दे, मग वितरक बघेल,’ असं म्हणतात. छोट्या चित्रपटाच्या बाबतीत बहुतेक वेळा वितरक काहीच बघत नाही. तो थिएटरं लावून देतो, कमिशन घेतो आणि पोस्टरपासून डिजिटल प्रिंटपर्यंतचं बिल तुमच्याकडे पाठवतो. यूएफओ-क्यूबसारख्या डिजिटल प्रक्षेपणाच्या यंत्रणेतून चित्रपट पडद्यावर जातो त्याचेही पैसे निर्माताच भरतो.

आकस्मिक खर्चाची ओळ पैसे घालणारा हमखास कापायला सांगतो. कापू नका. मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेरचं शूटिंग म्हणजे जुगार. त्यातून सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घेणार असाल तर अंधेरी-विलेपार्ल्याच्या बाजूला दर दोन-तीन मिनिटांनी विमान डोक्यावरून जातं. तिथे डबिंगचे पैसे धरा, नाहीतर लोकेशन बदला.

चाळीत शूटिंग असेल तर मालकाचं पत्र पुरत नाही. ज्यांच्या दारातून वायर जाणार त्या प्रत्येक बिऱ्हाडाशी बोलावं लागतं. आणि मंडळाची वर्गणी! लालबागच्या बाजूला आम्ही ‘स्थानिक सहकार्य’ अशी ओळच घातली. पावती मागितली, पोरांनी दिलीही.

जीएसटी प्रत्येक ओळीत लिहा. कॅमेऱ्याचं भाडं, स्टुडिओ, डीआय यांवर १८ टक्के लागतो. कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असं असतं. ३० लाखांच्या कामावर तो ५ लाख ४० हजार होतो. तुमची नोंदणी असेल तर पुढे चित्रपट विकताना त्याची वजावट मिळू शकते, पण आज तो खिशातूनच जाणार.

मित्र फुकट काम करणार असतील तरी त्यांचा बाजारभाव लिहा आणि समोर ‘नंतर द्यायचे’ अशी नोंद करा. नाहीतर चित्रपट विकला गेल्यावर मैत्रीची किंमत ठरवायला बसावं लागतं.

४. कंपनी, खातं आणि कराचे आकडे

स्वतःच्या बचत खात्यातून चित्रपट करू नका. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड काढा, पॅन आणि टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक) घ्या, आणि फक्त या चित्रपटासाठी चालू खातं उघडा. किमान दोन सह्या ठेवा. आमच्याकडे दिग्दर्शकाची सही नव्हती, यावर तो अजून रागावलेला आहे. माझ्या मते दिग्दर्शकाकडे चेकबुक कधीच देऊ नये.

मानधन देताना टीडीएस कापावा लागतो: छायाचित्रकार, संकलक यांच्यासारख्या व्यावसायिकांना साधारण १० टक्के, कंत्राटी कामाला १ किंवा २ टक्के. कापून भरला नाही तर तो दंडासह तुमच्याकडूनच घेतात. २० हजार किंवा त्याहून मोठी उसनवारी रोखीत घ्यायला कायद्याने बंदी आहे. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च हिशोबात धरत नाहीत. आणि चित्रपट निर्मात्याला मोठ्या रकमा कुणाकुणाला दिल्या याचं वेगळं विवरणपत्र प्राप्तिकर खात्याला द्यावं लागतं. हे बऱ्याच सीएंनासुद्धा आठवत नाही, म्हणून चित्रपटाचं काम केलेला सीए शोधा.

५. पैसा कुठून येतो

दादासाहेब फाळक्यांनाही हाच प्रश्न पडला होता. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म केली आणि ती लोकांना दाखवली. त्यावर पैसा मिळाला. उरलेल्याला सरस्वतीबाईंचे दागिने होते. मे १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. वाटाण्याची ती फिल्म म्हणजे आज ज्याला टीझर म्हणतात तेच. पानं भरून लिहिलेलं कुणी वाचत नाही. एक दृश्य नीट शूट करा, तीन मिनिटांचं, आणि ते मोबाइलवर दाखवा. दागिन्यांचा भाग मात्र गिरवू नका.

*नातेवाईक आणि ओळखीचे.* बहुतेकांचे पहिले पैसे इथूनच येतात. माझ्या मामाने २ लाख दिले.
“बुडाले तर?” त्याने विचारलं.
“बुडाले तर बुडाले, मामा. तसं करारात लिहिलंय बघ, चौथ्या पानावर.”
“मग दे इकडे, सही करतो.”
चौथं पान लपवायचं नाही. ज्याला पैसे बुडाल्यावर झोप येणार नाही त्याच्याकडून ते घ्यायचेच नाहीत.

*लोकवर्गणी.* ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले, हे सगळेच सांगतात. आजचा फरक लक्षात ठेवा. अनोळखी लोकांकडून ‘नफ्यात हिस्सा देऊ’ असं जाहीर सांगून पैसे गोळा करता येत नाहीत. तसं केलंत तर सेबीच्या नियमांपासून २०१९ च्या अनियंत्रित ठेवींच्या कायद्यापर्यंत बऱ्याच गोष्टी आडव्या येतात. देणगी किंवा भेट एवढ्यापुरतंच ठेवा: श्रेयनामावलीत नाव, पोस्टर, पहिल्या खेळाचं आमंत्रण. गुंतवणूकदार मोजके, ओळखीचे आणि करारबद्ध असू द्या.

*एनएफडीसी आणि फिल्म बाजार.* एनएफडीसी म्हणजे केंद्र सरकारचं चित्रपट विकास महामंडळ. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर नोव्हेंबरमध्ये भरणारा त्यांचा हा बाजार २००७ पासून चालू आहे, आता नाव वेव्हज फिल्म बाजार. पटकथा आणि थोडा पैसा हातात असेल तर सहनिर्माता शोधायला को-प्रॉडक्शन मार्केट. शूटिंग करून पैसा संपला असेल तर अपुरा चित्रपट जाणकारांना दाखवायला वर्क-इन-प्रोग्रेस लॅब. निवड झाली नाही तरी अर्ज भरताना बजेट, टिपण, दिग्दर्शकाचं मनोगत सगळं एकदा नीट लिहून होतं.

*परदेशी निधी.* रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड पटकथेच्या टप्प्यावर १० हजार युरोपर्यंत देतो. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ला तो मिळाला होता. बर्लिन महोत्सवाच्या वर्ल्ड सिनेमा फंडाला जर्मन निर्माता सोबत लागतो. रकमेपेक्षा शिक्का मोठा असतो, पण निकालाला महिने जातात. शूटिंगची तारीख त्यावर ठरवू नका.

*बँक.* १९९८ मध्ये चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला. म्हणून मी मोठ्या उत्साहाने माझ्याच जुन्या साहेबांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि तारण काय आहे ते विचारलं. पहिल्या चित्रपटाला बँक विसरा.

आणि *‘फायनान्सर’*. वर्सोवा, लोखंडवाला भागातल्या कुठल्याही कॉफीच्या टेबलावर हा भेटतो. पाच कोटी द्यायला तयार असतो, फक्त आधी ‘प्रोसेसिंग’चे किंवा ‘स्टॅम्प ड्युटी’चे दोन लाख तुम्ही भरायचे. आमच्या ओळखीतल्या दोघांनी भरले. पैसे देणारा माणूस पैसे मागत असेल तर कॉफीचं बिलसुद्धा अर्धं-अर्धं करा आणि उठा.

६. परतफेडीची रांग लिहून ठेवा

करारात ‘नफ्याच्या १० टक्के’ एवढंच असेल तर पुढे भांडण ठरलेलं. नफा म्हणजे काय, पहिला रुपया कुणाला, हे आकड्यांत लिहा. उदाहरण घ्या. गुंतवणूकदारांनी मिळून ५० लाख घातले. कमिशन, कर वजा जाता ७० लाख आले. पहिले ५० त्यांना परत. मग मित्रांचे थकलेले मानधन ८ लाख. उरले १२, त्यांतले ६ गुंतवणूकदारांना आणि ६ निर्मात्याला. ज्याने ५ लाख घातले होते त्याला ५ लाख ६० हजार मिळतील. हे गणित समोर बसून करून दाखवा. काही जण तिथेच उठून जातात, तेही चांगलंच.

सरकारी अनुदान आणि पारितोषिकाची रक्कम रांगेत कुठे, तेही लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं. दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हतो.

पैसे हप्त्यांनी येणार असतील तर पोस्टचा हप्ता शूटिंग सुरू होण्याआधी खात्यात यायला हवा. ‘तुम्ही सुरू करा, मी आहे’ या आश्वासनावर आम्ही पहिलं शेड्युल लावलं. बाराव्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन बंद झाला. दीड वर्षाची हार्ड डिस्क ती हीच.

पैसे मागायला जाताना जवळ असू द्या:
- कथा-पटकथेचे हक्काचे करार, नोंदणीची पावती
- दोन पानी बजेट आणि मागितलं तर सविस्तर
- महिन्यावार रोकड: कधी किती लागणार
- शूटिंगचं वेळापत्रक
- मुख्य कलाकार-तंत्रज्ञांची संमतीपत्रं
- कंपनीचे कागद, पॅन, टॅन, खात्याचा तपशील
- परतफेडीच्या रांगेसह कराराचा मसुदा, वकिलाने वाचलेला
- टीझर, मोबाइलमध्ये, नेट नसताना चालेल असा

७. शूटिंगच्या दिवसांत

रोज रात्री पॅकअपनंतर अर्धा तास: आजचा खर्च, आजची दृश्यं, उरलेले दिवस. व्हाउचर त्याच दिवशी सही करून घ्या. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला काही आठवत नसतं. दिग्दर्शकाला रोज एकच आकडा सांगा, किती दिवस मागे आहोत तो.

परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी योजना चित्रनगरीच्या फिल्म सेलमार्फत चालते. लोकल गाडीचं दृश्य असेल तर रेल्वेकडे वेगळा अर्ज, फी, अनामत आणि विमा. गुपचूप मोबाइलवर उरकू, असं कुणीतरी म्हणेलच. ते दृश्य विकताना कागद मागतात.

८. सेन्सॉर, अनुदान, थिएटर

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन. २०२४ च्या नियमांनंतर ‘यूए’चे (मुलांनी मोठ्यांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटांचे) ७+, १३+, १६+ असे भाग झालेत. पात्र विडी ओढत असेल तर तंबाखूविरोधी सूचना सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर टाकावी लागते, धूर दिसेल तेव्हा पडद्यावर ओळही. पोस्टमध्येच सांगून ठेवा, नाहीतर डीसीपी पुन्हा काढायचे पैसे.

राज्य सरकारचं दर्जेदार मराठी चित्रपटांचं अनुदान गोरेगावच्या चित्रनगरीतून चालतं. अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख अशी त्याची रचना आहे. ताजा शासन निर्णय तिथून घ्या आणि अटी शूटिंगच्या आधी वाचा. मुख्य गोष्ट: हा पैसा चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीने बघितल्यावर मिळतो, तोही मिळाला तर. मी माझ्या पहिल्या कागदावर तो ‘जमा’ बाजूला लिहिला होता.

आता तिकीटबारी. तिकीट १५० रुपयांचं असेल तर १८ टक्के जीएसटी काढून उरतात साधारण १२७. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्या २००९ च्या तडजोडीपासून हिंदीत रूढ झालेली विभागणी म्हणजे पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, मग पुढच्या आठवड्यांत ४२.५, ३७.५ आणि ३०. छोट्या मराठी चित्रपटाला बोलणी करून जे मिळेल ते. ५० धरले तरी हातात साडेत्रेसष्ट, वितरकाचं १५ टक्के कमिशन गेलं की ५४. फक्त प्रदर्शनाचे २५ लाख निघायला ४६ हजार तिकिटं विकायला हवीत, चित्रपट बनवायला लागलेला पैसा अजून बाजूलाच.

म्हणून शंभर स्क्रीनचा हट्ट धरू नका. मराठी चित्रपटाला दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये खेळ देण्याचा नियम २०१५ पासून आहे, पण मंगळवारी दुपारी बाराचा खेळसुद्धा त्यात बसतो. आम्ही दादर, ठाणे, डोंबिवली, पुणे आणि कोल्हापूर एवढेच धरले, संध्याकाळचे खेळ मागितले आणि प्रसिद्धीचा पैसा तिथेच लावला. दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीत खेळ वाढले. टीव्ही आणि ओटीटीची बोलणी चालू ठेवा, पण करार होऊन पहिला हप्ता जमा होईपर्यंत तो आकडा रांगेत धरू नका.

दर तिमाहीला सगळ्या गुंतवणूकदारांना एका पानाचा हिशोब पाठवा, आलेला आकडा शून्य असला तरी. मामाला मी पाच वेळा शून्याचा कागद पाठवला. सहाव्यात ३८ हजार होते. त्याने फोन करून विचारलं, “टायपिंगची चूक नाही ना?”